रानातला मुका पहारेकरी

रेल्वे स्टेशनवरची किंवा बाजारपेठेतली पाणपोई आठवा. माठावर झाकण आहे, शेजारी स्टीलचा पेला आहे आणि त्या पेल्याला साखळी आहे. बँकेत गेलात तर फॉर्म भरायचे पेनही दोरीने बांधलेले दिसते. पेल्याची किंमत ती किती! तरीही साखळी लागते. कारण जी वस्तू सगळ्यांसाठी उघड्यावर ठेवलेली असते, ती कोणाचीच नाही असे काही जणांना वाटते.

आज आपण अशाच एका साखळीने बांधलेल्या वस्तूचा अभ्यास करणार आहोत. ही वस्तू स्टेशनवर नसते, दाट जंगलात झाडाच्या खोडाला बांधलेली असते. तिला ट्रॅप कॅमेरा म्हणतात. तिची चोरी ही जगभरच्या वन्यजीव अभ्यासकांची डोकेदुखी झाली आहे. या चोरीत फक्त एक यंत्र जाते का, की आणखी काही जाते, हा आजच्या पाठाचा प्रश्न आहे.

ट्रॅप कॅमेरा म्हणजे काय?

ट्रॅप म्हणजे सापळा. पण या सापळ्यात प्राणी अडकत नाही, फक्त त्याचे चित्र अडकते. साधारण जेवणाच्या डब्याएवढी ही पेटी असते. रंग खोडासारखा, मातकट किंवा हिरवट. पेटीत कॅमेरा, बॅटरी, फोटो साठवणारे मेमरी कार्ड आणि उष्णता ओळखणारा एक संवेदक असतो. वाघ, बिबट्या, सांबर किंवा माणूस समोरून गेला की त्याच्या शरीराची उष्णता आणि हालचाल या संवेदकाला कळते आणि क्षणात फोटो निघतो. फोटोवर तारीख आणि वेळ आपोआप उमटते. रात्री काही कॅमेऱ्यांचा पांढरा फ्लॅश पडतो, तर काहींचा प्रकाश डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही.

वाघांच्या मोजणीसाठी पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. कारण वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगवेगळे असतात. आपल्या बोटांचे ठसे जसे दुसऱ्या कोणाशी जुळत नाहीत, तसे एका वाघाचे पट्टे दुसऱ्या वाघाशी जुळत नाहीत. बिबट्याच्या ठिपक्यांचेही तसेच. दोन्ही कुशींचे फोटो मिळाले की त्या प्राण्याचे जणू ओळखपत्रच तयार होते.

आपल्या शहरातही कॅमेरे आहेत. सुरत पोलिसांची चौकाचौकांतली सीसीटीव्ही योजना २०१३ मध्ये सुरू झाली. पण त्यात आणि जंगलातल्या कॅमेऱ्यात मोठा फरक आहे. चौकातला कॅमेरा जे पाहतो ते लगेच नियंत्रण कक्षाला कळवतो. जंगलातल्या बहुतेक कॅमेऱ्यांना मोबाईलचे नेटवर्क मिळत नाही. त्यांनी पाहिलेले सगळे त्यांच्या पोटातच राहते. वनरक्षक चालत जाऊन कार्ड काढेपर्यंत ती माहिती जगात दुसऱ्या कोणाजवळही नसते. ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग होणार आहे.

थोडा इतिहास

या कॅमेऱ्याची कल्पना एका शिकाऱ्याकडून आली. अमेरिकेतील जॉर्ज शायरस यांना शिकारीचा नाद होता. पुढे त्यांनी बंदुकीऐवजी कॅमेरा हाती घेतला. वाटेवर तार ताणायची, हरणाचा पाय तारेला लागला की फ्लॅश पेटून फोटो निघायचा, अशी युक्ती त्यांनी वापरली. त्यांचे रात्रीचे फोटो जुलै १९०६ च्या ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकात छापले गेले.

भारतात हे काम एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या वनाधिकाऱ्याने केले. उत्तरेच्या तराई आणि शिवालिक भागांत त्यांनी तार आणि फ्लॅश लावून रानातल्या वाघांचे फोटो मिळवले. त्यांचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. पट्ट्यांवरून एकेक वाघ वेगळा ओळखता येतो, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे १९९० च्या दशकात डॉ. उल्हास कारंथ यांनी कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात कॅमेऱ्यांचे फोटो आणि संख्याशास्त्र यांची सांगड घालून वाघांची संख्या काढण्याची पद्धत वापरली.

तोपर्यंत आपल्या देशात वाघ मोजत ते पंजाच्या ठशांवरून. काचेवर ठसा गिरवायचा आणि तो कोणत्या वाघाचा ते ठरवायचे. या पद्धतीत चुकीला फार वाव होता. २००५ च्या सुमारास राजस्थानातील सरिस्का व्याघ्र प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले, तेव्हा सारा देश हादरला. वाघ कागदावर होते, जंगलात नव्हते. त्यानंतर मोजणीची पद्धत बदलली आणि ट्रॅप कॅमेऱ्याला मोठे महत्त्व आले. २००६ च्या गणनेत देशात १,४११ वाघ असल्याचा अंदाज निघाला. २०१८ च्या गणनेत तो आकडा २,९६७ झाला. त्या वेळी २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले होते आणि त्यांनी सुमारे ३ कोटी ४८ लाख फोटो काढले. त्यांपैकी ७६,६५१ फोटो वाघांचे होते. या कामाची नोंद गिनीज बुकातही झाली.

आपल्या परिसरातल्या दोन गोष्टी

तुम्ही म्हणाल, सुरतेच्या मुलांना याचे काय? आपल्या शहरापासून काही तासांच्या प्रवासावर डांगचे जंगल सुरू होते. सहलीला आपण सापुताऱ्याला जातो. वाटेतल्या भागात पूर्णा अभयारण्य आणि वांसदा राष्ट्रीय उद्यान आहे. गावी जाताना आपण ज्या नवापूर स्टेशनवरून जातो, त्याचा अर्धा भाग गुजरातेत आणि अर्धा महाराष्ट्रात आहे. स्टेशनवर तशी पाटी तरी आहे. जंगलात पाटी नाही. बिबट्या डांगमधून नाशिक किंवा नंदुरबारच्या बाजूला गेला तरी त्याला राज्य बदलल्याचे कळत नाही.

पहिली गोष्ट वांसद्याची. २०२० साली वांसदा राष्ट्रीय उद्यानातल्या ट्रॅप कॅमेऱ्यात रानकुत्री, म्हणजे आपल्याकडे ज्यांना कोळसून म्हणतात ती, दिसली. गुजरातमध्ये सुमारे ५० वर्षांनंतर त्यांची अशी पक्की नोंद झाली. वांसदा उद्यानाचे क्षेत्रफळ जेमतेम २४ चौरस किलोमीटर आहे. एवढ्या लहान जंगलात, माणसांच्या इतक्या जवळ, हा प्राणी आहे याचा पुरावा त्या एका पेटीने दिला.

दुसरी गोष्ट महिसागर जिल्ह्यातली. फेब्रुवारी २०१९ मध्ये लुणावाड्याजवळ एका शाळेतल्या शिक्षकांनी रस्त्याकडेला वाघ पाहिला आणि मोबाईलवर फोटो काढला. गुजरातमध्ये कित्येक वर्षांत वाघ नव्हता, त्यामुळे लोकांचा विश्वास बसेना. वनखात्याने त्या भागात ट्रॅप कॅमेरे लावले आणि काही दिवसांतच वाघ कॅमेऱ्यात आला. शिक्षकांचे म्हणणे खरे ठरले. दुर्दैवाने त्याच महिन्याच्या अखेरीस तो वाघ मृत सापडला. पण तो आला होता आणि इथवर चालत आला होता, हे आज कोणी नाकारू शकत नाही.

आता कल्पना करा. या दोन्ही ठिकाणी कार्ड काढायच्या आदल्या रात्री कोणी पेटी उचलून नेली असती तर? वांसद्यात कोळसून नाहीत, असेच आपण पुढे शिकत राहिलो असतो. आणि खरे बोलणाऱ्या शिक्षकांवर लोकांनी विश्वास ठेवला असता की नाही, कोणास ठाऊक.

शिकाऱ्यांचे कॅमेरे

जगात असे कॅमेरे सर्वात जास्त वापरतात ते अमेरिकेतले शिकारी. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. तिकडे परवाना काढून, ठरावीक हंगामात हरणासारख्या प्राण्यांची शिकार करता येते. हरीण कोणत्या वाटेने, किती वाजता येते ते कळावे म्हणून शिकारी हंगामापूर्वी सरकारी जंगलात स्वतःचे कॅमेरे बांधून ठेवतात. ही जमीन सार्वजनिक असल्याने तिथे कोणीही फिरू शकतो. त्यामुळे कॅमेरे चोरीला जाण्याची तक्रार तिकडे नेहमीची आहे. बरेचदा हा चोर दुसरा शिकारीच असतो. त्याला कॅमेरा तर मिळतोच, शिवाय पहिल्याने टिपलेल्या वाटाही कळतात.

यातून तिकडे एक वाद निर्माण झाला आहे. काही लोक म्हणतात, सार्वजनिक जमिनीवर एकाने कॅमेरा लावून ‘ही जागा माझी’ असे का भासवावे? शिवाय यंत्राने वाट शोधून दिल्यावर त्या प्राण्याला वाचण्याची संधी ती काय राहिली? ॲरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीच्या कामासाठी असे कॅमेरे वापरायला बंदी घातली. पण विद्यार्थ्यांनो, एक मुद्दा सोडू नका. ‘इथे कॅमेरा लावावा का?’ हा एक प्रश्न आहे आणि ‘लावलेला कॅमेरा मी उचलून न्यावा का?’ हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, म्हणून दुसऱ्याचे उत्तर ‘हो’ होत नाही. शेजाऱ्याने सायकल चुकीच्या जागी लावली, तर ती बाजूला घ्यायला सांगता येते, घरी नेता येत नाही.

कॅमेरे कोण नेतो?

आपल्याकडे शिकाऱ्यांचे कॅमेरे नाहीत. आहेत ते वनखात्याचे आणि संशोधकांचे. पण तेही चोरीला जातात. महाराष्ट्रातल्या आणि इतर राज्यांतल्या जंगलांतून अशा बातम्या वेळोवेळी आल्या आहेत. हा त्रास साऱ्या जगाला आहे. पॉल मीक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५९ देशांतील ४०७ जाणकारांना प्रश्न विचारून केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. २०१० ते २०१५ या काळात त्यांच्या कॅमेऱ्यांची चोरी आणि मोडतोड यांमुळे १४ लाख ८० हजार अमेरिकी डॉलरहून अधिक नुकसान झाल्याचा अंदाज त्यात आहे.

कॅमेरा नेणारे सगळे एकाच प्रकारचे नसतात. साधारण चार प्रकार दिसतात.

१. विकून पैसे मिळतील या आशेने नेणारा. बरेचदा त्याची निराशा होते. अनेक कॅमेऱ्यांना आकड्यांचे गुप्त कुलूप असते. तो क्रमांक ठाऊक नसेल तर ती पेटी कोणाच्याच उपयोगाची राहत नाही.

२. स्वतःचा फोटो निघाला म्हणून घाबरलेला. यात चोरटी शिकार करणारा किंवा सागाची झाडे तोडून नेणारा असतो. त्याला कॅमेरा नको असतो, पुरावा नष्ट करायचा असतो.

३. कुतूहलाने नेणारा. हे काय आहे, उघडून पाहू, असे म्हणत मोडणारा. यात मुलेही असतात आणि मोठेही.

४. रागाने मोडणारा. आपल्याला न विचारता आपल्या वाटेवर कोणी डोळा लावून ठेवला, याचा त्याला राग असतो. याच्याविषयी पुढे स्वतंत्रपणे बोलू.

या चौघांना एकच शब्द लावून मोकळे होणे सोपे आहे. पण उपाय शोधायचा असेल, तर कारण वेगळे तिथे उपायही वेगळा लागतो. पहिल्यासाठी कुलूप पुरते, दुसऱ्यासाठी गस्त लागते, तिसऱ्यासाठी शिक्षण लागते आणि चौथ्यासाठी विश्वास लागतो.

चोरीत नेमके काय जाते? थोडे गणित करू

समजा, एका जंगलात २० ठिकाणी कॅमेऱ्यांच्या जोड्या लावल्या आणि त्या २५ रात्री ठेवल्या. २० गुणिले २५ म्हणजे ५०० रात्रींची माहिती जमायला हवी. शेवटच्या दिवशी दोन ठिकाणचे कॅमेरे गेले, तर २ गुणिले २५ म्हणजे ५० रात्री गेल्या. एकूण माहितीचा दहावा भाग नाहीसा झाला. नवे कॅमेरे विकत आणता येतात. त्या ५० रात्री कोणत्याही दुकानात मिळत नाहीत.

आता समजा, जोडीतला एकच कॅमेरा गेला. डाव्या कुशीचे फोटो राहिले, उजव्या कुशीचे गेले. दुसऱ्या ठिकाणी कधी फक्त उजवी कूस दिसली, तर हा तोच वाघ की दुसरा, हे ठरवता येत नाही.

आणखी एक गोष्ट. चोरी सगळीकडे सारखी होत नाही. चोरटी शिकार करणाऱ्यांची वाट जिथून जाते, तिथले कॅमेरे जाण्याची भीती अधिक. म्हणजे ज्या भागात प्राण्यांना सर्वात जास्त धोका, नेमकी तिथलीच माहिती नाहीशी होते. नकाशावर तो भाग कोरा राहतो. कोऱ्या भागाकडे पाहून कोणी म्हणू शकेल की इथे प्राणीच नाहीत, मग गस्त कशाला? अशा रीतीने एका पेटीच्या चोरीतून पुढच्या अनेक चोऱ्यांना वाट मिळते.

त्याचा तोटा गावकऱ्यांनाही होतो. आपल्या दक्षिण गुजरातेत उसाच्या शेतांत बिबटे राहतात. २०२३ च्या गणनेनुसार गुजरातमध्ये २,२७४ बिबटे आहेत. एखाद्या बिबट्याने माणसावर हल्ला केला, तर तो नेमका कोणता हे ठिपक्यांवरून ओळखायला ट्रॅप कॅमेऱ्याचाच आधार असतो. कॅमेरा नसेल, तर चुकीचा बिबट्या पिंजऱ्यात जाण्याची आणि खरा मोकळा राहण्याची शक्यता वाढते.

सापडलेली वस्तू आणि ठेवलेली वस्तू

‘जंगलात सापडला म्हणून घेतला’, हे वाक्य कोणी बोलले तर ते बरोबर आहे का? मराठीत आपण दोन वेगळे शब्द वापरतो. वाटेवर पडलेली वस्तू ‘सापडते’. झाडाला पट्ट्याने बांधलेली वस्तू सापडत नाही, ती ‘ठेवलेली’ असते. ठेवणारा शेजारी उभा नाही, एवढ्यावरून तिचा मालक नाहीसा होत नाही. शाळेच्या व्हरांड्यात काढून ठेवलेल्या चपला आपल्याला ‘सापडल्या’ असे आपण म्हणतो का?

कायदाही हेच सांगतो. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय, अप्रामाणिक हेतूने हलवणे म्हणजे चोरी. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम ३०३ नुसार चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. या कलमात एक नवी आणि चांगली तरतूद आहे. चोरीची वस्तू पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची असेल, गुन्हा पहिलाच असेल आणि वस्तू किंवा तिची किंमत परत केली, तर शिक्षा म्हणून समाजसेवेचे काम दिले जाते. पण चांगला ट्रॅप कॅमेरा बहुधा पाच हजारांहून महागच असतो, हे ध्यानात ठेवा.

पुरात वाहून आलेला किंवा पट्टा तुटून खाली पडलेला कॅमेरा दिसला तर? तो मालकाला परत मिळावा म्हणून जपून ठेवणे आणि वनखात्याला कळवणे हा गुन्हा नाही. आपला म्हणून ठेवून घेणे हा गुन्हा आहे.

कुलूप चांगले की चिठ्ठी?

जर्मनीतील म्युनिक शहराच्या बागांमध्ये संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी खऱ्या यंत्रांसारखी दिसणारी खोटी यंत्रे सार्वजनिक जागी ठेवली आणि त्यांवर तीन प्रकारच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. एका चिठ्ठीत आपुलकीची, व्यक्तिगत विनंती होती. दुसरीत कोरडी माहिती होती. तिसरीत धमकी होती. सर्वात कमी चोरी आणि मोडतोड कोणत्या यंत्रांची झाली असेल? आपुलकीच्या चिठ्ठीची! धमकीच्या चिठ्ठीला तसे यश मिळाले नाही. यंत्रामागे आपल्यासारखेच एक माणूस आहे, त्याची मेहनत आहे, हे कळले की बहुतेकांचा हात मागे येतो.

म्हणून कुलपे लावू नयेत असे नाही. वनखाते लोखंडी पेटी, साखळी आणि कुलूप वापरते. काही ठिकाणी नवे तंत्रही आले आहे. मध्य भारतातील कान्हा आणि पेंच या जंगलांच्या परिसरात २०२२ मध्ये छोटे, सहज न दिसणारे कॅमेरे लावण्यात आले. ते प्राणी किंवा माणूस ओळखून मिनिटाच्या आत फोटो पाठवून देतात. असा कॅमेरा कोणी नेला, तरी पाठवलेला फोटो मागे राहतो. पण हजारो ठिकाणी असे महाग कॅमेरे लावणे सोपे नाही. शेवटी भिस्त राहते ती माणसांवरच.

नाण्याची दुसरी बाजू

आता तो चौथा माणूस, रागावलेला. त्याचेही ऐकले पाहिजे.

उत्तराखंडमधील कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात केंब्रिज विद्यापीठाच्या एका संशोधकाने केलेला अभ्यास नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या गावांतल्या स्त्रिया सरपण आणि गवत आणायला जंगलात जातात. वाघासाठी लावलेल्या एका कॅमेऱ्यात एका स्त्रीचा अत्यंत खासगी क्षणातला फोटो आला आणि तो काही तरुणांनी समाजमाध्यमांवर पसरवला. गावकरी संतापले आणि त्यांनी आसपासचे कॅमेरे फोडले. या अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. जंगलात या स्त्रिया मोठ्याने बोलत, गाणी म्हणत, म्हणजे जनावर आवाजाने दूर जाई. कॅमेरे आल्यापासून कोणी पाहत असेल या संकोचाने त्या गप्प राहू लागल्या. त्यामुळे त्यांना वाघाचा धोकाच वाढला.

कॅमेरे फोडणे बरोबर नव्हते. पण फोटो पसरवणाऱ्यांनी आधी त्या स्त्रीचा मान आणि गावाचा विश्वास चोरला होता. यंत्राची चोरी मोजता येते, विश्वासाची येत नाही. म्हणून कॅमेरा लावणाऱ्यांवरही जबाबदारी आहे. गावाला आधी सांगावे. पाणवठ्याच्या आणि रोजच्या वाटांच्या जागा गावातल्या स्त्रियांना विचारून टाळाव्यात. माणसांचे फोटो कोण पाहील आणि ते कधी पुसले जातील, हे ठरवून द्यावे. आणि कॅमेरा हरवला की पहिला संशय मोहाची फुले वेचणाऱ्या, बांबू तोडणाऱ्या गरीब माणसावर घेऊ नये. आपल्याच शाळेतल्या कितीतरी मुलांचे आजोळ डांग, नवापूर, साक्री या भागांत आहे. आपल्या मामाकडे, आजोबांकडे कोणी उगाच संशयाने पाहिले तर कसे वाटेल, याचा विचार करावा.

याच लोकांकडून शिकण्यासारखेही आहे. डांग आणि नंदुरबारच्या आदिवासी गावांत शिवेवर वाघदेव असतो, दिवाळीच्या सुमारास वाघबारस पाळतात. देव उघड्यावर उभा असतो. त्याला ना दार, ना कुलूप, ना राखणदार. तरी त्याला कोणी उचलून नेत नाही. सह्याद्रीतल्या देवरायांतून कोणी काटकीही आणत नसे. कारण ती जागा आणि ती वस्तू सगळ्यांची आहे, म्हणून ती माझीही जबाबदारी आहे, हे तिथल्या लहान मुलालाही ठाऊक असते. ‘सगळ्यांचे म्हणजे कोणाचेच नाही’ आणि ‘सगळ्यांचे म्हणजे माझेही’ या दोन विचारांत जेवढे अंतर आहे, तेवढेच साखळी लागणाऱ्या आणि साखळी न लागणाऱ्या समाजात आहे.

सहलीला जाताना लक्षात ठेवा

• झाडाला बांधलेला कॅमेरा दिसला तर हात लावू नका, त्याचे तोंड फिरवू नका, समोर फांदी टाकू नका. त्याच्यासमोर उभे राहून वेडावून दाखवलेत, तर तोही फोटो वनरक्षक पाहतो, बरे का!

• कॅमेऱ्याची नेमकी जागा मोबाईलवरून कोणाला कळवू नका. चोरालाही तीच माहिती हवी असते.

• कॅमेरा तुटलेला किंवा पडलेला दिसला तर शिक्षकांना सांगा. शिक्षक जवळच्या वनचौकीला कळवतील. महाराष्ट्रात वनखात्याची १९२६ ही हेल्पलाईन आहे.

• कोणी स्वस्तात असा कॅमेरा विकत असेल तर घेऊ नका. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हाही गुन्हा आहे. पालकांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

संस्थेच्या विश्वस्तांना एक विनंती. सापुतारा किंवा वांसद्याच्या सहलीत तासभर वेळ काढून वनरक्षकांची मुलांशी भेट घडवून आणावी. कार्ड काढायला रोज मैलोन्मैल चालणारा माणूस मुलांनी एकदा पाहिला, तर त्या पेटीवर वेगळी चिठ्ठी लावावी लागणार नाही.

करून पाहा

एका डब्यात राजम्याचे दाणे घ्या, मोजू नका. त्यांतले ४० दाणे काढून त्यांवर शाईचा ठिपका द्या, परत टाका आणि डबा नीट हलवा. आता न पाहता पुन्हा ४० दाणे काढा. त्यांत ठिपक्याचे किती ते मोजा. समजा ८ निघाले. मग ४० गुणिले ४० भागिले ८, म्हणजे डब्यात सुमारे २०० दाणे आहेत. ट्रॅप कॅमेऱ्यांच्या गणनेमागे हीच मूळ कल्पना आहे.

आता ‘चोरी’ करू. मित्राला डोळे मिटून तुमच्या ४० दाण्यांतले ३० काढून घ्यायला सांगा. उरलेल्या १० दाण्यांवरून उत्तर काढा. ठिपक्याचे २ दाणे असतील तर उत्तर २०० येईल, १ असेल तर ४०० येईल आणि एकही नसेल तर गणितच अडेल. हा प्रयोग पाच वेळा करा, पाचही उत्तरे वहीत लिहा आणि शेवटी दाणे मोजून पाहा.

स्वाध्याय

१. वाघासाठी वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा का लावतात?

२. जंगलातल्या कॅमेऱ्याची चोरी चौकातल्या कॅमेऱ्याच्या चोरीपेक्षा अधिक नुकसानीची का?

३. कॅमेरा नेणाऱ्या चार प्रकारच्या माणसांपैकी कोणाशी तुम्ही कसे बोलाल? प्रत्येकासाठी दोन वाक्ये लिहा.

४. तुम्ही वनरक्षक आहात असे समजा. डांगच्या जंगलातल्या कॅमेऱ्यावर लावण्यासाठी चार ओळींची चिठ्ठी तयार करा. ती मराठीत आणि गुजरातीत लिहा. ज्यांच्या घरी अहिराणी किंवा डांगी बोलतात त्यांनी आजी-आजोबांना विचारून त्या बोलीतही लिहावी. एकच अट आहे. चिठ्ठीत धमकी नसावी.